नौकेची हजेरी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहींना थोडें नवल वाटलें असेल. मच्छिमारी नौकेवर तिचें ठिकाण सांगणारें बिनतारी यंत्र कसें बसवावें, हा विषय शहरांतल्या घरीं बसून ऐकण्याजोगा आहे काय, असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरीं आठवड्यांतून एकदां तरी पापलेट किंवा सुरमई येते, त्या घराचा ह्या विषयाशीं संबंध आहे; कारण ती मासळी ज्या नौकेंतून येते, तिच्यावरचीं माणसें रात्रीमागून रात्री उघड्या समुद्रावर काढतात. दुसरें असें कीं, यंत्र लहान असलें तरी त्याच्यापासून घेण्यासारखा धडा लहान नाहीं. माझें आयुष्य शाळेंत हजेरी घेण्यांत गेलें. आणि ह्या यंत्राचें सारें रहस्य ‘हजेरी’ ह्या एकाच शब्दांत सांठविलेलें आहे, असें मला तें समजून घेतांना वाटलें.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. जमिनीवरच्या रस्त्याला कडा असतात, वळणावर पाटी असते, आणि समोरून येणारें वाहन आपल्या बाजूनें जाईल अशी बहुधा खात्री असते. समुद्रावर यांपैकीं कांहींच नाहीं. काळोखांत एका नौकेला दुसरीची ओळख पटते ती मुख्यतः दिव्यांवरून. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें १२ ते ५० मीटर लांबीच्या मच्छिमारी नौकेचे चहूं बाजूंनीं दिसणारे दिवे निदान २ सागरी मैलांवरून दिसावे लागतात. आतां एक सोपें गणित मांडून पहा. एक मोठें मालवाहू जहाज ताशीं १५ सागरी मैलांच्या वेगानें येत आहे, आणि नौका ताशीं ५ मैलांनीं त्याच्याच दिशेनें निघाली आहे. दोघांमधलें अंतर ताशीं २० मैलांनीं, म्हणजे दर तीन मिनिटांस एक मैल, घटत जातें. दिवा २ मैलांवर दिसला, तर गांठ पडेपर्यंत हातीं अवघीं ६ मिनिटें राहतात! तेवढ्या अवधींत जहाजावरच्या अधिकाऱ्यानें तो दिवा पाहावयाचा, कोणाचा तें ओळखावयाचें, आणि शेंकडों फूट लांबीचें जहाज वळवावयाचें. पाऊस असला, धुकें असलें, किंवा दिव्याची कांच मिठानें अंधुक झालेली असली, म्हणजे त्या सहांपैकीं किती मिनिटें शिल्लक राहतील याचा विचार आपणच करावा. जहाजावर रडार असतें हें खरें. पण लांकडाच्या किंवा फायबरच्या लहान नौकेचा प्रतिसाद रडारवर क्षीण उमटतो, आणि खवळलेल्या समुद्रांत तो लाटांच्या गर्दींत हरवून जातो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. १ मार्च २०१२ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, केरळांतील आलप्पुळा जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर एका मालवाहू जहाजाची धडक मच्छिमारांच्या एका नौकेला बसली, आणि पांच माणसें प्राणांस मुकलीं. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों आणि पान उलटतों. पण किनाऱ्यावरच्या गांवांत त्या बातमीचें पान पुष्कळ वर्षें उघडें राहतें.

ह्या अडचणीवर जो उपाय निघाला, त्याला ‘ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम’ किंवा थोडक्यांत ए. आय. एस. असें म्हणतात, आपण त्याला स्वयंचलित ओळख यंत्रणा म्हणूं. तत्त्व फार साधें आहे. वर्गांत मास्तर हजेरी घेतात तेव्हां एकेक नांव पुकारतात आणि मुलगा ‘हजर’ म्हणतो. येथें पुकारणारा कोणी नाहीं, प्रत्येक जहाज आपण होऊन ठराविक वेळानें सांगतें, “मी अमुक, माझें ठिकाण अमुक, माझा वेग इतका, माझी दिशा ही.” आपलें ठिकाण तें उपग्रहांच्या संदेशांवरून जाणतें, आणि तें सांगतें बिनतारी लहरींवरून. आसपासच्या ज्या ज्या नौकेवर असें यंत्र असेल, तिच्या पडद्यावर त्या जहाजाची खूण उमटते. समुद्रावरील जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारांत २००० सालीं दुरुस्ती झाली, आणि २००४ सालाच्या अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टन व त्याहून मोठ्या जहाजांवर हें यंत्र सक्तीचें झालें. तात्पर्य, ज्या जहाजाची भीति वाटावी त्याच्यावर तें असतेंच. प्रश्न उरतो तो लहान नौकेचा.

इतकीं जहाजें एकाच वेळीं बोलूं लागलीं तर गोंधळ कसा होत नाहीं, अशी शंका येईल. वर्गांत चाळीस मुलें एकदम ओरडलीं तर मास्तरांना एकहि नांव ऐकूं येत नाहीं. म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. येथेंहि तशीच व्यवस्था आहे. ह्या कामासाठीं जगभर दोन वाहिन्या राखून ठेवलेल्या आहेत, एक १६१.९७५ मेगाहर्ट्झची व दुसरी १६२.०२५ मेगाहर्ट्झची. प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २,२५० समान तुकडे पाडलेले आहेत, आणि उपग्रहांच्या घड्याळामुळें सर्व यंत्रांचे हे तुकडे अगदीं जुळलेले असतात. मोठ्या जहाजांचीं ‘अ’ वर्गाचीं यंत्रें १२.५ वॅट शक्तीचीं असतात, आणि आपला पुढचा तुकडा आगाऊच राखून ठेवतात. लहान नौकांकरितां ‘ब’ वर्गाचीं यंत्रें आहेत. त्यांतलीं साधीं यंत्रें २ वॅटांचीं असतात, आणि स्वभावानें विनयशील असतात. बोलण्यापूर्वीं क्षणभर कान देतात, कोणी बोलत नाहीं असें पाहिलें म्हणजेच आपलें चार शब्दांचें भाषण उरकून घेतात. नौकेचा वेग ताशीं २ मैलांहून अधिक असला तर हीं यंत्रें दर ३० सेकंदांनीं बोलतात. त्याहून कमी असला तर दर ३ मिनिटांनीं.

आपल्या देशांत ह्या गोष्टीकडे विशेष लक्ष गेलें तें २६ नोव्हेंबर २००८ नंतर. मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रमार्गानें आले, आणि त्यांनीं एक भारतीय मच्छिमारी नौका बळकावली होती, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर २० मीटरांहून लांब अशा सर्व नौकांवर ए. आय. एस. बसविण्याचें धोरण ठरलें, आणि किनाऱ्यावरच्या अनेक दीपगृहांवर हे संदेश ऐकणारीं यंत्रें आलीं. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें मच्छिमारी नौकांसाठीं आणखी एका योजनेचा आरंभ झाला. तींत १ लक्ष नौकांवर उपग्रहामार्फत बोलणारे ट्रान्सपाँडर बसवावयाचे ठरलें. ह्या दोन यंत्रांत गल्लत होतां कामा नये. उपग्रहाचें यंत्र नौका आणि किनारा यांच्यामध्यें निरोप नेतें-आणतें. वादळाची सूचना मिळण्यास व संकटांत मदत मागण्यास तें फार मोलाचें आहे. पण रात्रीं शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर आपली खूण थेट उमटावी, हें काम ए. आय. एस.चें. एक घरीं पत्र पाठवितें, दुसरें रस्त्यावरच्या माणसाला हांक मारतें.

आतां यंत्र बसविण्याकडे वळूं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची २१ मीटर लांबीची नौका आहे. पावसाळ्यांत मासेमारी बंद असतांना त्यानें ‘ब’ वर्गाचें यंत्र विकत आणलें, आणि त्याजबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचून सांगण्यासाठीं तो माझ्याकडे आला. मी वाचीत होतों, तो बसवीत होता, आणि त्याचे वडील, ते जुने तांडेल, एका बाजूस बसून पाहत होते. त्या दोन दिवसांत जें समजलें, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट जागेची. यंत्राची पेटी लहान डब्याएवढी असते. ती केबिनच्या आंत, खारें पाणी व इंजिनाची ऊब लागणार नाहीं अशा ठिकाणीं बसवावी. आणि होकायंत्रापासून पुस्तिकेंत सांगितलें असेल तितकी दूर ठेवावी, नाहीं तर ओळख सांगणारें यंत्रच दिशा चुकविणारें व्हावयाचें. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीची लागते, आणि तीहि फार थोडी, घरांतल्या लहानशा एलईडी दिव्याइतकी. मात्र तार चांगली जाड असावी, बॅटरीजवळच योग्य मापाचा फ्यूज असावा, आणि दिवे, पंप यांच्या तारेवर वाटेंतच सांधा मारून ही वीज घेऊं नये. एक दिवा गेला म्हणून नौकेची वाचा जाणें बरें नव्हे.

दुसरी गोष्ट अँटेनाची. जुन्या रेडिओवाल्यांच्या घरीं जिला एरियल म्हणत तीच ही. ह्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी तर गोल आहे. म्हणून अँटेना जितकी उंच, तितकी हांक दूर पोहोंचते. याचा एक सोपा हिशेब आहे. आपल्या अँटेनाची उंची मीटरांत घ्यावी व तिचें वर्गमूळ काढावें. समोरच्या जहाजाच्या अँटेनाचेंहि तसेंच काढावें. दोहोंची बेरीज करून तिला २.२ नें गुणावें. येतें तें सागरी मैलांतलें अंतर. आमच्या डोलकाठीवर अँटेना ९ मीटरांवर बसली. तिचें वर्गमूळ ३. मोठ्या जहाजाची ३६ मीटरांवर धरली तर तिचें वर्गमूळ ६. बेरीज ९, आणि गुणाकार सुमारें २०. हीच अँटेना केबिनच्या छपरावर ४ मीटरांवर ठेवली असती, तर उत्तर साडेसतराच्या घरांत आलें असतें. अर्थात् हा हिशेब क्षितिजाचा झाला. २ वॅटांची हांक प्रत्यक्षांत त्याहून जवळच विरते. पण ८ मैल धरले, तरी मघांच्या गणितांत ६ मिनिटांच्या जागीं २४ मिनिटें आलीं, हें लक्षांत घ्यावें. साऱ्या खटाटोपाचें फळ हींच अठरा मिनिटें होत.

अँटेना अगदीं उभी असावी, आणि डोलकाठीच्या लोखंडापासून व बोलण्याच्या बिनतारी यंत्राच्या अँटेनापासून निदान एक मीटर दूर असावी. दोन यंत्रांना मिळून एकच अँटेना वापरून पैसे वांचविण्याचा मोह होतो. पण साध्या फांट्यानें तसें केलें तर एका यंत्राची शक्ति दुसऱ्यांत शिरून तें जळून जातें. त्यासाठीं वेगळें खास विभाजक मिळतें. तें घ्यावें, नाहीं तर दोन अँटेना लावाव्या. आणि अँटेना जोडल्यावांचून यंत्र केव्हांहि चालू करूं नये.

तिसरी गोष्ट केबलची. आमच्या पाहण्यांत आलें कीं, लोक अँटेना महाग घेतात आणि केबल स्वस्त घेतात. आरजी-५८ नांवाची बारीक केबल १५ मीटर लांब वापरली, तर यंत्रांतून निघालेल्या २ वॅटांपैकीं जवळजवळ एक वॅट वाटेंतच नाहींसा होतो. आरजी-२१३ ही जाड केबल तेवढ्याच अंतरावर सुमारें दीड वॅट पोहोंचविते. येणारी हांकहि त्याच केबलनें येते, म्हणून नुकसान दोहों बाजूंनीं होतें. केबलीच्या टोंकाचा सांधा नीट डाख देऊन करावा, आणि त्यावर ताणून गुंडाळली असतां आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी लावावी. खारें पाणी एकदां तांब्याच्या जाळींत शिरलें कीं, आंतल्या आंत केबल खाऊन टाकतें, आणि बाहेरून ती नवीच दिसत राहते.

चौथी गोष्ट उपग्रहाच्या अँटेनाची. ही लहान कुळथाच्या पेंडीसारखी चपटी, गोल टोपी असते. तिला सारें आकाश दिसलें पाहिजे. पण म्हणून ती डोलकाठीच्या शेंड्यावर नेऊं नये; नौका हेलकावूं लागली म्हणजे शेंडा कित्येक हात इकडून तिकडे झुलतो, आणि नौका जागेवर असतांहि यंत्राला ती चालत असल्याचा भास होतो. ती सखल पण उघड्या जागीं, लोखंडी पत्र्याखालीं नाहीं आणि रडारच्या झोताच्या वाटेंत नाहीं, अशी बसवावी. आम्हीं ती केबिनच्या मागच्या कठड्यावर बसविली.

येथपर्यंतचें काम हातांचें होतें. आतां येतें तें काम लेखणीचें, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें. यंत्राला आपली ओळख शिकवावी लागते. प्रत्येक नौकेला सरकारकडून एक नऊ आंकडी क्रमांक मिळतो, त्याला एम. एम. एस. आय. म्हणतात. त्याचे पहिले तीन आंकडे देशाचे. भारताचे ४१९ आहेत. बहुतेक ‘ब’ वर्गाच्या यंत्रांत हा क्रमांक मालकाला एकदांच घालतां येतो. चुकला तर यंत्र विक्रेत्याकडे परत न्यावें लागतें. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती योग्यच आहे. माणसानें रोज नांव बदलावें अशी सोय कोणत्याहि हजेरीपटांत नसते. कोणी शेजाऱ्याचा क्रमांक उसना घेतात, कोणी १२३४५६७८९ असा मनाला येईल तो घालतात. दोन नौका एकाच क्रमांकानें बोलूं लागल्या म्हणजे पडद्यावर एकच खूण येथून तेथें उड्या मारूं लागते, आणि दोघींपैकीं एकीचाहि भरंवसा उरत नाहीं. तीच गत जाळ्यांच्या बोयांवर लावलेल्या बेकायदा यंत्रांची. जहाजाच्या अधिकाऱ्याला पन्नास नौका दिसतात आणि त्यांत खरी कोणती तें कळत नाहीं.

क्रमांकानंतर नौकेचें नांव, रोमन लिपींत २० अक्षरांपर्यंत. मग नौकेचा प्रकार, मच्छिमारी नौकेसाठीं ३० हा आंकडा. आणि मग लांबी-रुंदी. लांबी-रुंदी विचारण्याची रीत मोठी चतुराईची आहे. यंत्र विचारतें, उपग्रहाची अँटेना पुढच्या नाळेपासून किती मीटर, मागच्या टोंकापासून किती, डाव्या कडेपासून किती, उजव्या कडेपासून किती. आम्हीं टेप लावून मोजलें, तेव्हां पुढून १३, मागून ८, डावीकडून २, उजवीकडून ४, असे पूर्ण मीटर आले. पहिल्या दोहोंची बेरीज २१, ती लांबी. दुसऱ्या दोहोंची ६, ती रुंदी. बेरीज जुळली म्हणजे ताळा झाला. ह्या चार आंकड्यांवरून दूरच्या जहाजाला कळतें कीं, पडद्यावरच्या ठिपक्याच्या पुढें किती नौका आहे आणि मागें किती.

हीं मापें अंदाजानें घातलीं तर काय बिघडलें, असें माझ्या विद्यार्थ्यानें विचारलें. मीं त्याला गणितच घातलें. दर ३० सेकंदांस एकदां, म्हणजे मिनिटाला दोनदां. दिवसाचीं मिनिटें १,४४०. नौका दिवसभर चालत राहिली तर हें यंत्र २,८८० वेळां तुझ्या नांवानें जगाला साक्ष देणार. त्याला स्वतःची बुद्धि नाहीं. तूं सांगितलेंस तेवढेंच तें न थकतां, न लाजतां सांगत राहणार. माणसाचें खोटें एकदां बोलून संपतें. यंत्राच्या तोंडीं घातलेलें खोटें दिवसरात्र बोलत राहतें. मुलानें टेप पुन्हां उचलला.

सर्व भरून झाल्यावर यंत्र उघड्या आकाशाखालीं चालू करावें आणि धीर धरावा. उपग्रह सांपडण्यास व पहिला संदेश जाण्यास कांहीं मिनिटें लागतात. बहुतेक यंत्रांवर रंगीत दिवे असतात. हिरवा म्हणजे सर्व ठीक, पिंवळा म्हणजे संदेश वेळेवर जात नाहीं, तांबडा म्हणजे दोष. परंतु हिरव्या दिव्यावर भागवूं नये. आपला आवाज कसा जातो तें दुसऱ्यालाच विचारावें लागतें. शेजारच्या नौकेच्या पडद्यावर आपलें नांव, क्रमांक आणि ठिकाण बरोबर आहे काय तें पाहावें. मग तीन-चार मैल बाहेर जाऊन बोलण्याच्या बिनतारीवरून पुन्हां विचारावें. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं नातवंडें मोबाईलवर जहाजांचा नकाशा दाखवितात. तो मनोरंजक असतो. पण तो किनाऱ्यावरच्या केंद्रांमार्फत फिरून येतो, उशिरानें येतो आणि केव्हां केव्हां येतहि नाहीं. टक्कर टाळण्याच्या कामीं त्याच्यावर विसंबूं नये.

पडद्यावर घंटेचीहि सोय असते. एखादें जहाज अमुक अंतराच्या आंत, अमुक वेळांत येणार असें दिसलें कीं, ती वाजते. आम्हीं ती अर्ध्या मैलावर आणि २० मिनिटांवर लावली. आणखी एक खूण प्रत्येक खलाशानें पाठ करावी. पडद्यावर ९७० नें आरंभ होणारा क्रमांक दिसला, तर तो नौकेचा नव्हे. तो जीवरक्षक तराफ्यावरून मदत मागणाऱ्या यंत्राचा आहे. ९७२ म्हणजे पाण्यांत पडलेला माणूस. असे आंकडे दिसले म्हणजे जाळें बाजूला ठेवून किनाऱ्याला कळवावें आणि तिकडे निघावें.

काम संपत आलें तेव्हां इतका वेळ गप्प बसलेले तांडेल बोलले. “मास्तर,” ते म्हणाले, “मासळीची जागा बापानें मुलाला सांगावी, ती सुद्धां कानांत. हें तर साऱ्या दर्याला ओरडून सांगणार.” त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. जाळें कोठें टाकावें हें ज्ञान हींच त्यांची दौलत. आणि ह्याच कारणास्तव ठिकठिकाणचे मच्छिमार हें यंत्र बंद करून ठेवतात. मीं त्यांना विचारलें, “तांडेल, रात्रीं जाळें टाकून बसतां तेव्हां दिवा लावतां कीं नाहीं?” ते म्हणाले, “लावावाच लागतो.” “त्या दिव्यानें जागा कळत नाहीं काय?” “दोन मैलांपर्यंत कळते.” “मग हा आठ मैलांचा दिवा समजा.” ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं मुलाला विचारलें कीं, जाळें ओढतांना नौका जवळजवळ उभी असते, तेव्हां हें किती वेळानें बोलतें. तीन मिनिटांनीं, असें ऐकल्यावर ते म्हणाले, “तेवढ्या वेळांत आगबोट पाऊण मैल पुढें आलेली असते. म्हणजे त्या वेळीं एक माणूस डोळे उघडे ठेवून बसलाच पाहिजे.” मी मनांत हिशेब केला, ताशीं १५ मैल वेग, ३ मिनिटें, बरोबर पाऊण मैल. शाळेचें तोंड न पाहिलेल्या त्या माणसानें माझ्या आधीं उत्तर काढलें होतें. जातांना त्यांनीं यंत्रांत घातलेल्या नांवाचें एकेक अक्षर मला मोठ्यानें वाचावयास लाविलें, आणि तें बरोबर आहे असें ऐकल्यावर त्यांचें समाधान झालें.

तांडेलांनीं जें सांगितलें तेंच आंतरराष्ट्रीय नियमांतहि लिहिलेलें आहे. नौकांच्या टकरी टाळण्याच्या नियमांतला पांचवा नियम म्हणतो कीं, प्रत्येक नौकेनें डोळ्यांनीं, कानांनीं आणि उपलब्ध असलेल्या सर्व साधनांनीं सदैव पहारा ठेवला पाहिजे. साधनें शेवटीं आहेत. डोळे आणि कान प्रथम आहेत. कारण ज्या नौकेवर हें यंत्र नाहीं, किंवा असून बंद आहे, ती पडद्यावर मुळींच दिसत नाहीं. आणि रिकामा पडदा म्हणजे रिकामा समुद्र नव्हे. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ हीं दोन प्रचंड जहाजें एकमेकांवर आदळलीं; शेंकडों कंटेनर समुद्रांत पडले आणि तेलाचा तवंग किनाऱ्यापर्यंत आला. दोन्ही जहाजें हें यंत्र सक्तीचें असणाऱ्या आकाराचीं होतीं. एकमेकांचीं नांवें ठाऊक असणें आणि एकमेकांना वाट देणें, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत; दुसरी गोष्ट कोणत्याहि पेटींत घालून विकत मिळत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, ज्यांच्या घरीं नौका आहे त्यांना माझें एवढेंच सांगणें कीं, हें यंत्र घ्या, पण तें बसवितांना टेप आणि लेखणी यांना पान्यापेक्षां कमी लेखूं नका. क्रमांक स्वतःचा असूं द्या, मापें मोजलेलीं असूं द्या, केबल जाड घ्या, अँटेना उंच बांधा, आणि एकदां चालू केलेलें यंत्र जागा लपविण्यासाठीं बंद करूं नका. आणि ज्यांच्या घरीं नौका नाहीं, त्यांनीं सकाळीं बाजारांत मासळीचा भाव करतांना क्षणभर आठवावें कीं, ती आणणारीं माणसें काल रात्रीं काळोखांत, कोणी आपली हांक ऐकतो आहे अशा विश्वासावर, जाळें धरून बसलीं होतीं. वर्गांत एखाद्या मुलानें ‘हजर’ म्हटलें नाहीं, तर मास्तर फार तर पटावर एक फुली मारतात आणि दुसऱ्या दिवशीं चौकशी करतात. समुद्राच्या हजेरींत ती चौकशी दुसऱ्या दिवसावर टाकतां येत नाहीं.